ऋतुचर्या आणि भाजीची टोपली : शेतकरी-ग्राहक सहभाग योजनेचा वैद्यकीय विचार

पथ्यपत्रकात 'ऋतूनुसार आहार घ्यावा' हे वाक्य आपण सर्वच लिहितो. रुग्ण ते वाचतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी मंडईतून वैशाखात फ्लॉवर व भाद्रपदात गाजर घेऊन घरी जातो. यात त्याचा दोष थोडाच आहे. शीतगृहे, लांब पल्ल्याची वाहतूक व बारमाही सिंचन यांमुळे मंडईतील भाजीवरून ऋतू ओळखणे आज शहरी गृहिणीस शक्य राहिलेले नाही. ऋतुचर्या सांगणारा वैद्य आहे, ऐकणारा रुग्ण आहे. परंतु ज्या द्रव्यांनी ती आचरावयाची ती द्रव्येच वेळेवर हाती येत नाहीत.

आचार्य चरकांनी अन्नपानविधी अध्यायाच्या (सूत्रस्थान २७) उत्तरार्धात वर्ज्य शाकाची लक्षणे दिली आहेत. किडीने, वाऱ्याने वा उन्हाने हत झालेले, सुकलेले, जीर्ण, अनार्तव म्हणजे ऋतूबाहेरचे, स्नेहावाचून सिद्ध केलेले आणि शिजवून पाणी न पिळलेले शाक त्याज्य होय, असा त्याचा आशय. यातील शेवटची दोन लक्षणे स्वयंपाकघरात ठरतात. बाकी सर्व शेतात आणि वाहतुकीत ठरतात, आणि तेथे आपला उपदेश पोहोचत नाही. तो पोहोचविण्याचा एक मार्ग म्हणून शेतकरी-ग्राहक सहभाग योजनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेचे स्वरूप

इंग्रजीत 'कम्युनिटी सपोर्टेड अॅग्रिकल्चर' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. काही कुटुंबे हंगामाच्या आरंभीच शेतकऱ्यास ठरलेली रक्कम देतात. त्या रकमेतून बियाणे व मजुरी यांची सोय होते. मोबदल्यात दर आठवड्यास शेतात जे निघेल त्याचा वाटा प्रत्येक कुटुंबास मिळतो. पीक उत्तम आले तर टोपली भरते, अतिवृष्टीने पालेभाजी कुजली तर ती हलकी येते. लाभ व हानी दोन्ही वाटून घ्यावयाची. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' या नावाने असे संबंध उभे राहिले. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत अशा पहिल्या शेती सुरू झाल्या. मुंबईत शेतकरी व ग्राहक यांच्या एका संघटनेने 'हरी भरी टोकरी' हा उपक्रम याच धर्तीवर चालविला. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त करण्यात आला, त्यामुळे थेट विक्रीतील मोठी अडचणही दूर झाली.

वैद्याच्या दृष्टीने या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, निवड ग्राहकाच्या हातून काढून ऋतूच्या हाती दिली जाते. रुग्णाच्या निश्चयावर अवलंबून असलेले पथ्य फार दिवस टिकत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. येथे निश्चय वर्षातून दोन-तीनदाच, पैसे भरताना, करावा लागतो.

मात्र 'ऋतूतील भाजी' म्हणजे पंचांग पाहून ठरविलेली भाजी नव्हे. मटार हिवाळ्यातला, असे आपण पुण्यात सहज म्हणतो; पण सासवडच्या बाजूला पुरंदर तालुक्यात तो पावसाळ्यातही उत्तम पिकतो. तेथे त्यास अनार्तव म्हणावयाचे काय? माझ्या मते नाही. आहारविधीच्या आठ आयतनांत काल आणि देश शेजारी सांगितले आहेत. देश या शब्दात द्रव्याचे उत्पत्तिस्थान आणि सेवन करणाऱ्याचे सात्म्य दोन्ही येतात. कोकणाचा आनूप देश आणि मराठवाड्याचा जांगलप्राय प्रदेश यांची टोपली एकाच महिन्यात एकसारखी असूच शकत नाही. म्हणून छापील 'ऋतूनुसार भाज्यांचा तक्ता' दवाखान्यात लावण्यापेक्षा जवळच्या शेतकऱ्यास विचारणे अधिक शास्त्रीय ठरते.

ऋतुसंधी आणि पिकाचा शेवट

मावळत्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. त्या काळात पूर्वीचा विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा, असे वाग्भटाचार्य ऋतुचर्याध्यायात सांगतात. हा क्रम रुग्णाकडून पाळून घेणे अवघड. टोपलीत मात्र तो आपोआप साधला जातो. कोणतेही शेत एका दिवसात पालटत नाही. दोडका-घोसाळ्यांचे शेवटचे तोडे चालू असताना मेथीची पहिली काढणी होते. एक दोन आठवडे दोन्ही येतात, मग जुने कमी होत थांबते. सभासद यावर 'पुन्हा दुधीच आला' म्हणून कुरकुरतात, तेव्हा हा संदर्भ त्यांना अवश्य सांगावा.

थेट शेतातून माल मिळण्याचा आणखी एक लाभ मुळ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. चरकांच्या मते कोवळा मुळा दोषहर, तर जून मुळा त्रिदोषकर. स्निग्ध सिद्ध केल्यास तो वातहर आणि सुकविलेला कफवातजित्. (शुष्क शाक वर्ज्य या नियमास हा अपवाद येथे दिसतो.) मंडईत वजनावर विक्री होत असल्याने मुळा मोठा होईपर्यंत जमिनीत ठेवला जातो. आगाऊ पैसे दिलेल्या शेतकऱ्यास 'बोटाएवढाच असताना काढा' असे सांगता येते. बालमूलक लिहून देणाऱ्या वैद्यांपैकी किती जणांच्या रुग्णांस तो प्रत्यक्षात मिळत असेल, याचा विचार व्हावा.

वर्षा ऋतूतील टोपली

योजनेची खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदात होते. या काळात अग्नी मंद असतो व वाताचा प्रकोप होतो, तर शेतात आणि माळावर पालेभाज्यांचा बहर असतो. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, करटोली असे सर्व येते. म्हणजे ऋतूत पिकते ते त्या ऋतूत सर्वांस पथ्यकर, हे समीकरण येथे टिकत नाही. निसर्ग देतो ते योग्यच असते, असे काही उत्साही मंडळी सांगतात. वैद्याने तसे बोलू नये.

उत्तर संस्कारात आहे. बहुतेक पत्रशाके वाफवून, रस पिळून आणि भरपूर स्नेहात सिद्ध करावीत, हा चरकोक्त विधी येथे अक्षरशः लागू करावा. आपल्या पूर्वज स्त्रियांनी तो जपलेला आहेच. शेवळ्याने घशास खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. अळूत चिंच वा आमसूल पडते. लोकाचारातील चातुर्मासाची बंधनेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत; वांगे व कांदा चंपाषष्ठीपर्यंत वर्ज्य करणारी कितीतरी घरे आजही आहेत. मंदाग्नी, ग्रहणी व आमवाताच्या रुग्णांनी या दोन महिन्यांत पालेभाजीचा वाटा शेजारी द्यावा आणि पडवळ, दुधी, दोडका यांवर भर ठेवावा. (बाजारातील गोड पडवळ म्हणजे ग्रंथोक्त तिक्त पटोल नव्हे, हे विसरू नये.) कच्च्या कोशिंबिरी पावसाळ्यात नकोतच. चिखलाच्या पाल्यातून कृमींची अंडी पोटात जातात. वाहत्या पाण्यात पाने सुटी करून धुणे व शिजविणे, दोन्ही आवश्यक.

हिवाळ्यात ही चिंता उरत नाही. अग्नी बलवान असतो, चाकवत येतो, जो चरकांनी त्रिदोषघ्न व मलभेदक सांगितला आहे, आणि भोगीच्या भाजीस लागणारे सर्व एकाच टोपलीत मिळते. उन्हाळ्यात टोपली रोडावते व सभासद गळू लागतात. तांदुळजा मिळाल्यास तो शीत व मधुरविपाकी असून रक्तपित्तात प्रशस्त आहे.

रुग्ण सभासद होण्यापूर्वी

वॉरफेरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध चालू असलेल्या रुग्णाच्या आहारातील हिरव्या पालेभाजीचे प्रमाण आठवड्या-आठवड्याला फार बदलता कामा नये. एका आठवड्यात चार जुड्या व पुढच्यात एकही नाही, असे झाल्यास औषधाचा परिणाम कमीअधिक होतो. वृक्कविकारात पोटॅशियमवर मर्यादा घातलेली असते. अश्मरीची प्रवृत्ती असणाऱ्यांनी पालक, अळू, चुका जपून घ्यावेत. अशा रुग्णांस योजना नाकारण्याचे कारण नाही, पण त्यांच्या चिकित्सकाशी बोलून वाटा ठरवावा.

'सहभाग योजना' म्हणजे 'विषमुक्त' असाही समज पसरला आहे. हे दोन वेगळे विषय आहेत. सेंद्रियतेचा दावा असल्यास पुरावा मागावा. केंद्र शासनाच्या 'पीजीएस-इंडिया' पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो, आणि रूपांतरण काळातील व पूर्ण सेंद्रिय माल यांस वेगळी चिन्हे मिळतात. कीटकनाशकाचा अंश आणि ग्रंथोक्त गरविष यांना एकच ठरविण्याची घाई मात्र नको.

औषधालयचालकांसाठी

टोपल्या उतरविण्यास गावात मध्यवर्ती, दिवसभर उघडी जागा लागते, आणि आयुर्वेदीय औषधालय त्यास सोयीचे आहे. प्रत्येक टोपलीत त्या आठवड्यातील शाके, त्यांचा संस्कार व कोणी टाळावे, एवढी चिठ्ठी ठेवली तरी पुष्कळ काम होते. यावर दलाली घेऊ नये. ज्याच्या शिफारशीवर रुग्ण विश्वास ठेवतो त्याने वाट्यात हिस्सा ठेवणे अनुचित आहे.

औषधनिर्मिती करणाऱ्यांनी याहून पुढे जावे. शार्ङ्गधरांनी गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये नेहमी आर्द्रच, आणि द्विगुण न करता, घ्यावयास सांगितली आहेत. सुक्या मालाच्या पोत्यांतून हे साधत नाही. बांधावर गुळवेल व अडुळसा लावण्यास शेतकरी सहसा तयार असतो, कारण त्यास जनावरांपासून उपद्रव कमी. अडचण खरेदीच्या हमीची असते. ती हंगामापूर्वी लेखी द्यावी आणि नगाचा दर न ठरविता काढणीच्या तारखा ठरवाव्यात.

नव्या गटाने पहिला हंगाम रब्बीचा धरावा, कारण कार्तिक ते फाल्गुन भाजीची टंचाई नसते आणि सभासदांचा धीर टिकतो. पहिल्या बैठकीत शेतकऱ्यास विहिरीचे पाणी चैत्रानंतर किती दिवस पुरते, अतिवृष्टीत कोणती पिके जातात, मागील वर्षी कोणत्या फवारण्या केल्या आणि टोपली कोणत्या आठवड्यात येणार नाही, एवढे स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.