बंपर फुटला, क्लेम करू का?

प्रश्न : गेल्या आठवड्यात गंगापूर रोडवर वळताना माझ्या गाडीला एका मुलाची स्कूटर घासली. पुढचा बंपर फुटला. मुलाचं कोपर सोलवटलं होतं, पण ‘काही नाही काका’ म्हणत तो निघून गेला. गॅरेजवाला ९,००० रुपये खर्च सांगतो आणि म्हणतो, ‘क्लेम टाका, मागच्या दाराचे ओरखडेही त्यातच काढून देतो.’ सलग तीन वर्षं क्लेम नसल्यामुळे यंदा मला ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळाला आहे. कंपनीला कळवू की खिशातून भरू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कळवा. पण बंपरचे पैसे मागू नका.

बंपरपेक्षा मला त्या मुलाच्या कोपराची काळजी वाटते. पडल्यापडल्या काही जाणवत नाही. मनगट दुसऱ्या दिवशी सुजतं. अपघातात कोणालाही इजा झाली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीच्या उपचाराची सोय करायची, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलं नाही. मुदत टळली म्हणून गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात जाऊन उशिराचं कारण लिहून द्या.

कंपनीच्या पत्रात पॉलिसी क्रमांक व मुदत, तारीख, वेळ, ठिकाण, मुलाबद्दल जे ठाऊक असेल ते, तुमचं नाव आणि लायसन्सचा तपशील लिहा. ‘स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करत नाही’ हे वाक्य आवर्जून घाला आणि पोच घ्या. उद्या मुलाने भरपाई मागितली, तर ती थर्ड पार्टी विम्यातून जाते, त्याने तुमचा बोनस बुडत नाही. तो भेटलाच तर दवाखान्यात जरूर न्या. फक्त कंपनीला न विचारता चूक कबूल करणारा कागद किंवा भरपाईचा शब्द देऊ नका. पॉलिसीच्या अटींत त्याला मनाई आहे.

आता पैशांचं. ९,००० पैकी बंपर ५,५०० चा आणि रंगकाम ३,५०० चं धरू. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,७५० गेले. रंगाच्या साहित्यावरचा घसारा साधारण ४४०. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. हातात येणार ४,८०० च्या आसपास. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कव्हर घेतलं असेल, तर ८,०००.

क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला मिळणारा ४५ टक्के बोनस शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ अशी चढण पुन्हा सुरू होते. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता ८,००० धरला, तर पहिल्याच वर्षी ३,६०० जास्त, पाच वर्षांत मिळून ९,६००. गाडीची किंमत उतरते तसा हा आकडा थोडा खाली येईल, तरी ४,८०० च्या बराच वर राहील. झिरो डेप असेल तर मात्र तफावत थोडी आहे; तुमच्या पॉलिसीवरचा मूळ हप्ता घालून हिशेब पुन्हा मांडा. नो क्लेम बोनस वाचवणारं ‘एनसीबी प्रोटेक्शन’ घेतलं असेल, तर त्याच्या अटी वाचा. मग क्लेम परवडूही शकेल.

मागच्या दाराचे ओरखडे या अपघाताचे नाहीत. ते यात घालणं म्हणजे खोटा क्लेम आणि त्यावर सही तुमची असेल. गॅरेजवाल्याला स्पष्ट नाही म्हणा. बंपर मात्र लगेच बदलून पक्कं बिल जपून ठेवा. नाहीतर पुढच्या अपघातात सर्व्हेअर जुनं नुकसान म्हणून तेवढी रक्कम कापेल.