पारंपरिक धनुष्याची खरेदी : दुकानात जाण्यापूर्वी

अमेरिकेतील क्रीडासाहित्याच्या मोठ्या साखळी दुकानांत धनुर्विद्येचा स्वतंत्र विभाग बहुधा असतो. मात्र त्या विभागात पारंपरिक धनुष्यासाठी लागणारे साहित्य थोडे आणि त्या साहित्याची जाण असलेला कर्मचारी त्याहूनही दुर्मीळ असतो. येथे पारंपरिक धनुर्विद्या म्हणजे चाके, दर्शक भिंगे आणि यांत्रिक चाप यांची मदत न घेता बोटांनी दोरी ओढून केलेली तिरंदाजी असा अर्थ घेतला आहे. तिच्यात लाँगबो, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीचे व लांबट पात्यांचे धनुष्य, आणि रिकर्व्ह, म्हणजे टोकांकडे पाती उलट दिशेला वळवलेले धनुष्य, हे दोन प्रकार मुख्य आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुण आणि मध्यमवयीन मंडळी या खेळाकडे वळतात तेव्हा त्यांची पहिली पायरी हे दुकानच असते, आणि नेमके तेथेच त्यांना असा सल्ला मिळण्याचा संभव असतो की ज्यामुळे पैसे वाया जातातच, शिवाय खांदाही दुखावतो.

या परिस्थितीचे मूळ इतिहासात आहे. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये मिशिगन राज्यात सुरू केलेल्या व्यवसायातून रिकर्व्ह धनुष्ये सामान्य अमेरिकी शिकाऱ्याच्या हाती आली, आणि पुढची काही दशके धनुष्य म्हटले की रिकर्व्ह किंवा लाँगबो हेच समीकरण होते. मिसुरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि हे समीकरण बदलले. कंपाउंडच्या टोकांशी बसवलेल्या विकेंद्री चाकांमुळे दोरी पूर्ण मागे आल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो; आजच्या धनुष्यांत हा उतार बहुधा ७० ते ९० टक्के असतो. शिकाऱ्याला सावज टप्प्यात येईपर्यंत नेम धरून थांबता येऊ लागले, कमी सरावात अचूकता साधू लागली, आणि दुकानांची मांडणी शिकारीच्या हंगामाभोवती फिरू लागली. केंटकी राज्यात २००२ मध्ये सुरू झालेल्या शालेय धनुर्विद्या कार्यक्रमातही मुलांच्या हाती चाकांचेच, पण भार न उतरणारे, धनुष्य दिले जाते. अशा वातावरणात तयार झालेला विक्रेता कंपाउंडच्या बाबतीत निष्णात असू शकतो, आणि त्याच्या त्या ज्ञानाचा आदरच केला पाहिजे. परंतु तेच ज्ञान तो रिकर्व्हला जसेच्या तसे लावू लागला की धोका सुरू होतो.

सर्वांत मोठा धोका ताणाचा, म्हणजे खेळाडू ज्याला पाउंडेज म्हणतात त्याचा आहे. धनुष्य ठरावीक लांबीपर्यंत ओढायला जितके बळ लागते तो त्याचा ताण, आणि तो पौंडांत सांगितला जातो. ६० पौंडांचे कंपाउंड आणि ८० टक्के उतार असे गणित मांडले तर नेम धरतेवेळी बोटांवर किंवा चापावर उरतो तो अवघा १२ पौंडांचा भार. ६० पौंडांच्या रिकर्व्हमध्ये मात्र पूर्ण ओढीच्या क्षणी सगळे ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो, तीन बोटांवर आणि पाठीच्या स्नायूंवर येतात. कंपाउंडच्या सवयीचा विक्रेता धडधाकट ग्राहकाला पाहून ४५ किंवा ५० पौंडांचे रिकर्व्ह सहज सुचवतो, कारण त्याच्या मापाने ते हलकेच असते. प्रत्यक्षात प्रौढ नवशिक्याने २५ ते ३० पौंडांच्या आसपास सुरुवात करावी, असा जाणत्या प्रशिक्षकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. जड धनुष्य हाती आले की ओढ अर्धवट राहते, खांदा वर चढतो, दोरी घाईने सुटते, आणि नेम चुकू नये म्हणून शरीर ज्या वाईट सवयी लावून घेते त्या मोडायला शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो. खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध एकदा दुखावले तर खेळ काही महिने बंद पडतो, हे वेगळे.

धनुष्याच्या पात्यावर किंवा मुठीजवळ लिहिलेला ताणाचा आकडाही समजून घ्यावा लागतो. ‘४० पौंड, २८ इंच’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ २८ इंचांच्या ओढीला ४० पौंड ताण, एवढाच होतो. प्रत्येक ग्राहकाची ओढ २८ इंच नसते. ओढीचा ढोबळ अंदाज काढण्याची एक सोपी रीत आहे : दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांतील अंतर मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे. हे अंतर १६५ सेंटीमीटर असेल तर ओढ ६६ सेंटीमीटर, म्हणजे साधारण २६ इंच भरते. मध्यम ताणाच्या धनुष्यात दर इंचामागे दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. त्यामुळे ४० पौंडांची खूण असलेले धनुष्य या व्यक्तीच्या हातात ३४ ते ३६ पौंडांचे होते. मराठी घरांतील अनेक स्त्री-पुरुषांची ओढ २८ इंचांहून कमी असते, म्हणून हे गणित त्यांनी दुकानात जाण्यापूर्वीच करून ठेवणे श्रेयस्कर. डावे-उजवे धनुष्य हाही गोंधळाचा विषय आहे : उजव्या हाताने दोरी ओढायची आणि डाव्या हाताने मूठ धरायची ते उजवे धनुष्य होय, आणि निवड करताना हातापेक्षा प्रबळ डोळ्याचा विचार आधी करतात.

बाणांच्या बाबतीत दुकानी सल्ला सर्वाधिक घसरतो, कारण पारंपरिक धनुष्याला बाण जुळवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. दोरी सुटताच बाण लवतो, मुठीला वळसा घालून जातो आणि मग लक्ष्याच्या रेषेवर येतो; वेगवान छायाचित्रणाने हे लवणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच स्पष्ट दिसले होते. बाण किती लवतो याचे माप म्हणजे स्पाइन. कार्बनच्या बाणात २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन मध्ये ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि बाण किती झुकला ते इंचाच्या हजारांशात लिहितात. म्हणजे ५०० क्रमांकाचा बाण अर्धा इंच झुकतो आणि ३४० क्रमांकाचा त्याहून ताठ असतो. लाकडी बाणांची रीत निराळी आहे : तेथे २६ इंचांवर टेकू आणि २ पौंडांचे वजन असते, आणि २६ ला झुकावाच्या इंचांनी भागून आलेला आकडा पौंडांत सांगतात. परिणामी कार्बनमध्ये आकडा वाढला की बाण लवचीक होतो आणि लाकडात आकडा वाढला की ताठ. दोन्ही पद्धती ठाऊक नसलेल्या विक्रेत्याच्या हातून येथे चूक होणे जवळजवळ अटळ आहे. मोठ्या दुकानांतील तयार बाण हे ६० ते ७० पौंडांच्या कंपाउंडसाठी, बहुधा ३४० ते ४०० क्रमांकाचे असतात; ते ३५ पौंडांच्या रिकर्व्हवरून सोडले की पुरेसे लवत नाहीत आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण सतत डावीकडे जातात, आणि बिचारा नवशिका दोष आपल्या नेमाला देत बसतो.

प्रस्तुत लेखकाने अशाच एका दुकानात पाहिलेला प्रकार येथे नोंदवण्याजोगा आहे. रिकर्व्ह घेणाऱ्या ग्राहकाला तेथे प्लॅस्टिकची पाती लावलेले बाण दिले गेले आणि पिसांचे बाण केवळ शोभेचे असतात असे ठामपणे सांगण्यात आले. वस्तुस्थिती अशी आहे की ज्या धनुष्यात बाण वेगळ्या आधारावर न ठेवता मुठीच्या वरच्या खाचेवर, म्हणजे शेल्फवर, टेकवला जातो, त्यात बाणाची मागची पाती मुठीला घासूनच पुढे जातात. पीस घासताना दबते आणि पुढे जाताच पुन्हा उभे राहते, तर ताठ प्लॅस्टिक आपटते आणि बाणाला झटका देते. त्या बाणांच्या घासण्याची खूण शेल्फच्या कातड्यावर काही फेऱ्यांतच उमटलेली दिसत होती. याखेरीज बाणाचे वजन पाहावे लागते. बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. पारंपरिक धनुष्याला ताणाच्या दर पौंडामागे किमान ८ ते ९ ग्रेन वजनाचा बाण द्यावा, अशी धनुष्य घडवणाऱ्यांची अपेक्षा असते, म्हणजे ४० पौंडांच्या धनुष्याला सुमारे ३६० ग्रेनचा, साधारण २३ ग्रॅमचा बाण. फार हलका बाण लावला तर सुटलेली शक्ती बाणात न जाता पात्यांत परत येते. बाण न लावता दोरी सोडणे हा याच दोषाचा टोकाचा प्रकार असून त्यात पाती जागीच तडकू शकतात. दुकानात ‘ओढून पाहा’ असे सांगितले गेले तर दोरी हातातून न सोडता सावकाश पूर्वस्थितीत आणावी. बाण फार आखूडही कापू नये, कारण ओढताना तो आधारावरून मागे निसटला तर धनुष्य धरलेल्या हातालाच इजा होते.

दोरीचा प्रश्न जुन्या धनुष्यांच्या बाबतीत विशेष गंभीर ठरतो. पूर्वीच्या पिढीतील रिकर्व्ह धनुष्ये अमेरिकेत घरगुती विक्रीत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत अजूनही मिळतात, आणि त्यांतील कित्येक उत्तम असतात. १९८० च्या दशकापासून फारशी न ताणणारी कृत्रिम धाग्यांची दोरी प्रचारात आली; ती वेगवान आहे, परंतु तिचा झटका टोके सोसतील अशा रीतीने जुनी धनुष्ये मजबूत केलेली नसत. त्यांना डेक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणारी पॉलिएस्टर दोरीच लावावी. लांबी विचारली असता धनुष्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा दोरी तीन ते चार इंच आखूड असते हे उत्तर मिळाले पाहिजे. विक्रेता धनुष्याची आणि दोरीची लांबी एकच मानत असेल तर त्याच्याकडून दोरी घेऊ नये. असे धनुष्य पारखताना दोरी चढवून ते टोकाकडून डोळ्यांच्या रेषेत धरावे : दोरी वरच्या व खालच्या पात्याच्या मधोमध पडली तर पाती सरळ आहेत, एका बाजूला झुकली तर पाते पिळले आहे. मग कापसाचा बोळा पात्यांच्या कडांवरून हलकेच फिरवावा. कुठे तंतू अडकला तर तेथे चीर किंवा फुटलेला थर आहे असे समजावे. दोरी चढवताना धनुष्यातून पाय घालून ते वाकवण्याची दुकानांत दिसणारी रीत सर्वस्वी टाळावी, कारण पाती पिळण्याचे ते एक मोठे कारण आहे. त्यासाठी दोन टोकांना अडकवायची साधी दोरी, स्ट्रिंगर, अल्प किमतीत मिळते.

विक्रेत्याची पारख करायला वर सांगितलेल्या गोष्टीच पुरतात. ग्राहकाची ओढ मोजण्यापूर्वी जो धनुष्य सुचवतो, ओढीनुसार ताण बदलतो हे ज्याला सांगावे लागते, किंवा बाणाबाबत स्पाइनऐवजी केवळ लांबी विचारतो, त्याच्याकडून धनुष्य, बाण आणि दोरी या जुळवाव्या लागणाऱ्या वस्तू घेऊ नयेत. मनगटाचा आर्मगार्ड, बोटांचा कातडी टॅब किंवा मोजा, भाता, स्ट्रिंगर, फोमचे लक्ष्य या वस्तू तेथून खुशाल घ्याव्यात. उलट, ‘हे मला ठाऊक नाही, अमक्या क्लबमध्ये विचारा’ असे मोकळेपणाने सांगणारा कर्मचारी भेटला तर त्याचे दुकान लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरे ज्ञान जेथे रोज बाण सुटतात तेथे असते. सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील सार्वजनिक धनुर्विद्या मैदानासारख्या ठिकाणी, तसेच राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणित प्रशिक्षकांच्या क्लबांत, वेगवेगळ्या ताणांची धनुष्ये हाताळून पाहता येतात, आणि ओरेगनच्या नैर्ऋत्य भागातील पोर्ट ऑरफर्ड सीडरच्या लाकडाचे बाण स्वतः घडवणारी माणसेही भेटतात. काही आठवडे क्लबचे धनुष्य वापरून मग खरेदी करणे हा मार्ग संथ वाटला तरी सर्वांत स्वस्त तोच आहे. जेथे रायझर, म्हणजे मूठ, आणि पाती सुटी होतात असे धनुष्य घेतले असता पुढे फक्त पाती बदलून ताण वाढवता येतो, ही सोयही नवशिक्याने ध्यानात घ्यावी.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक विजेतेपदे मिळवली ती कंपाउंड प्रकारात, आणि त्यानंतर पालकांची पावले दुकानांकडे वळली तर कंपाउंडचाच आग्रह होणे स्वाभाविक आहे. भारतातील राष्ट्रीय स्पर्धांत मात्र बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार असून त्यात ५० व ३० मीटरवरून नेम घेतला जातो. अनेक नामवंत खेळाडूंचा आरंभ बांबूच्याच धनुष्याने झाला. क्रिकेट आणि बॅडमिंटनच्या साहित्यावर चालणाऱ्या शहरी दुकानाकडून त्या धनुष्याची पारख अपेक्षिणे व्यर्थ आहे. ती जिल्ह्याच्या संघटनेत किंवा सराव करणाऱ्या प्रशिक्षकाकडेच मिळेल. म्हणून ज्यांचा हात या विद्येत बसला आहे त्यांना एवढीच विनंती आहे, की ओळखीतला कोणी पहिले धनुष्य घ्यायला निघाला असेल तर त्याच्याबरोबर दुकानात जावे आणि पैसे देण्यापूर्वी त्याची ओढ स्वतः मोजून द्यावी.