फिलिप्पैची बंदिशाळा आणि आपली पोलीस कोठडी

(वाचन : प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४)



फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली. कैदी पळाले असे समजून बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने स्वतःला संपवण्यासाठी तलवार उपसली. तोच अंधारातून पौलाने मोठ्याने हाक मारून त्याला थांबवले. हा उतारा आपण बहुधा त्या अधिकाऱ्याच्या बाप्तिस्म्यासाठी वाचतो. पण त्याआधी त्याचा जीव वाचला, आणि तो एका कैद्याने वाचवला, हे आपल्या नजरेतून निसटते.

आज जीव धोक्यात असतो तो कोठडीतल्या माणसाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात पोलीस कोठडीत ८८ मृत्यू झाले, त्यांपैकी २१ महाराष्ट्रात. त्यांत आजारपण आले, तशा आत्महत्याही आल्या. १ मे २०२४ रोजी मुंबईत गुन्हे शाखेच्या कोठडीत एक आरोपी दगावला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. आईने ते नाकारून उच्च न्यायालयात धाव घेतली. अशा वेळी कुणा एकाच्या शब्दावर विसंबून चालत नाही, म्हणून दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने सक्तीची आहे.

अटकेनंतरचे पहिले काही तास फार नाजूक असतात. पहिल्यांदाच आत गेलेला, कदाचित दारू प्यायलेला माणूस, 'आता घरी कोणत्या तोंडाने जाऊ' हाच विचार करत बसतो. शिक्षेपेक्षा लाज जड होते. माणूस म्हणजे त्याच्या हातून घडलेली एक कृती नव्हे, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सोपे वाटते. 'पडू दे आत, अक्कल येईल' म्हणणाऱ्या बापाला ते पटवणे अवघड. आणि असे बाप आपल्याही धर्मग्रामात आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितले, की अटकेची खबर नातेवाइकाला वा मित्राला मिळाली पाहिजे आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. २०२० मध्ये ठाण्यांत व कोठड्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश झाला. पण कॅमेऱ्याला माणसाशी बोलता येत नाही. म्हणून घरच्यांनी त्याच रात्री ठाण्यात जावे. त्याची औषधे, व्यसन, पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला असल्यास तेही, अंमलदाराला लेखी द्यावे. अब्रूपायी हे लपवू नये. भेट मिळाली तर 'जीव नकोसा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. घरच्यांना स्वतःला आधार हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आणि एखाद्या घरात असे घडलेच, तर दारात कुजबुज नको. तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) स्पष्ट शिकवतो. त्या घरची मिस्सा आम्ही इतरांसारखीच अर्पण करू, आणि बाके रिकामी राहू नयेत अशी आपल्याकडून अपेक्षा ठेवू.