चपटा मासा आणि पाण्याचे तपमान

कोकणातल्या मासळीबाजारात मिळणारा लेपा तुम्ही पाहिला असेल. अंग चपटे आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला! त्याचा एक दूरचा भाऊबंद म्हणजे दक्षिणी फ्लाउंडर. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लॉरिडापर्यंतच्या किनाऱ्यालगत आणि मेक्सिकोच्या आखातात हा मासा आढळतो. वाळूत किंवा चिखलात अंग दडवून, तळासारखाच रंग धारण करून तो भक्ष्याची वाट पाहत पडून राहतो.

याची पिले मात्र आरंभी इतर माशांसारखीच उभी पोहतात. लांबी सुमारे एक सेंटीमीटर झाली, की उजवा डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत डाव्या बाजूला येतो. त्यानंतर मासा जन्मभर उजव्या कुशीवरच राहतो.

पुढे खाडीत वाढत असताना पिलाचे लिंग निश्चित होते. एक्स-वाय गुणसूत्रांचे पिलू नरच होते. एक्स-एक्स पिलाची मादी व्हावयास हवी. परंतु त्यासाठी पाण्याचे तपमान योग्य असावे लागते. प्रयोगात २३ अंश सेल्सियसला अशा पिलांच्या बहुतेक माद्या झाल्या. १८ आणि २८ अंशांना मात्र त्यांतील अनेक नर झाले.

समजा, १०० पिलांपैकी ५० एक्स-एक्स आहेत. पाणी तापल्यामुळे त्यांतील निम्मी नर झाली, तर नर ७५ आणि माद्या केवळ २५ उरतील. उलट एक्स-वाय पिलाची मादी होत नसल्याने ही तूट भरून निघत नाही. हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नॉर्थ कॅरोलायनाच्या अधिक उष्ण खाड्यांमध्ये नरांचे प्रमाण ९४ टक्क्यांपर्यंत आढळले.

यात आणखी एक अडचण आहे. नर आकाराने लहानच राहतात. कोळ्यांना हवे असलेले मोठे मासे बहुधा माद्याच असतात. म्हणजे खाडीत माद्या कमी निपजतात आणि ज्या वाढतात त्या जाळ्यात सापडतात. माशांची संख्या घटल्याने नॉर्थ कॅरोलायनाने २०१९ मध्ये मासेमारीवर कडक निर्बंध घातले. निर्बंधांनी माद्या वाचतील. पण तापलेले पाणी त्यांनी थंड होणार नाही.

विचार करा : एक्स-एक्स पिलांपैकी ८० टक्के नर झाली, तर १०० माशांत माद्या किती राहतील?