आंधळ्याच्या वाटेतला दगड

आजचं वचन : लेवीय १९:१४



वर्षभरात बायबल वाचून काढायचं ठरवलं की आपली गाडी बहुतेक वेळा लेवीय पुस्तकात येऊन थांबते. अर्पणं, चरबी, कुष्ठरोगाचे नियम... माझीही दोनदा थांबली आहे. या वेळी नेटाने वाचत राहिलो आणि १९ व्या अध्यायात सापडलो.

या वचनात देव इस्राएल लोकांना सांगतो की बहिऱ्या माणसाला शाप द्यायचा नाही, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवायची नाही. आणि लगेच पुढे देवाचं भय धरायला सांगतो. भयाची गोष्ट इथंच का काढली असेल? बहिऱ्याला शिवी ऐकूच येत नाही. आंधळा पडला तरी दगड कोणी ठेवला ते त्याला दिसत नाही. तक्रार करणार कोण? करणाऱ्याला पकडलं जायची भीतीच नाही. म्हणून देव स्वतःचं नाव मध्ये घालतो.

आता माझं सांगतो. मी लातूरला घरून काम करतो. आमच्या टीमकडे पैसे पाठवायचं एक ॲप आहे. मंगळवारी रिलीज होतं आणि शुक्रवारी रात्री मी टेस्टची शीट भरत होतो. एकूण ४८ टेस्ट, त्यातल्या शेवटच्या ७ स्क्रीन रीडरच्या. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन बोलून सांगतो ना की पडद्यावर काय आहे, ते नीट चालतंय का हे बघायचं होतं. साडेनऊ वाजले होते, घरचे जेवायला थांबले होते. मी सातही ओळींसमोर 'पास' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. एकही टेस्ट न करता. रविवारी उपासनेला गेलो, गाणी म्हटली, शास्त्रवाचनही माझ्याकडेच होतं. सोमवारी सकाळी हे वचन समोर आलं.

खरं सांगू? आधी मी वाद घातला. असे युजर कितीसे असणार, पुढच्या रिलीजला बघू, वगैरे. मग फोनचा स्क्रीन रीडर चालू केला, डोळे मिटले आणि ॲप उघडलं. "अनलेबल्ड बटन." बोट सरकवलं. "अनलेबल्ड बटन." पैसे पाठवायचं कोणतं आणि रद्द करायचं कोणतं, मलाच कळेना, आणि ॲप बनवणाऱ्यांतला मी एक!

लीडला कॉल करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शुक्रवारी सांगायला काय झालं होतं?" रिलीज दोन दिवस पुढे गेलं. तेव्हापासून माझी प्रत्येक शीट दुसरं कोणीतरी परत तपासतं. मनाला लागतं ते. पण पेरलं मीच आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'भय' हा शब्दच खटकतो. देव प्रीती आहे, मग भ्यायचं कशाला? आम्हा लातूरकरांना दोन्ही भयं माहीत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. ती भीती घरातून बाहेर पळवणारी होती. आणि २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पाण्याला कोणी भीत नव्हतं. तरी तांब्याभर सांडलं की काळजात धस्स व्हायचं, घरात आपण एकटेच असलो तरी. देवाचं भय मला या दुसऱ्या जातीचं वाटतं.

हे वाचताना पंडिता रमाबाईंची आठवण आली. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. म्हणजे बहिऱ्या माणसाविषयीचं हे वचन मराठीत लिहिणाऱ्या बाईला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं! (हे लक्षात आल्यावर मी पुस्तक खाली ठेवून बसून राहिलो.) त्याच मुक्तीत अंध मुलींना ब्रेल शिकवत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा ते हातात घ्यायला त्या नव्हत्या.

बुधवारी मी सातही टेस्ट डोळे मिटून केल्या. सहा पास झाल्या. सातवीसमोर 'फेल' लिहिलं आणि उशिराच जेवलो.

प्रार्थना : प्रभू येशू, ज्यांची माझी कधी भेट होणार नाही, अशा माणसांच्या वाटेत मी काय ठेवतोय ते मला दाखव. शुक्रवारी रात्री साडेनऊलासुद्धा. आमेन.