उसण भरली, ॲडमिट केलं, आता काय?

पाठीत उसण भरली की आपल्या घरांत दोन गोष्टी ठरलेल्या. एक तर कुणीतरी पायाळू माणसाच्या शोधात निघतं, म्हणजे त्याच्या पायाने पाठीला झटका देऊन उसण काढायची. नाहीतर माणसाला पलंगावर आडवं करून ‘आता अजिबात हलायचं नाही’ असं बजावलं जातं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांत दोन्ही उपाय अजून चालतात. दुसरा तर नव्या फ्लॅटमध्येही चालतो, आणि दवाखान्यातही. दोन्ही थांबायला हवेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी उसण म्हणजे काय ते पाहू. मणक्यांमधल्या गादीला, सांध्याला किंवा अस्थिबंधाला कुठेतरी इजा होते आणि आजूबाजूचे स्नायू त्या जागेला हलू न देण्यासाठी एकदम आखडतात. पाठ फळीसारखी ताठ होते. आखडलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो, दुखलं की आणखी आखडतो. बादली उचलताना किंवा गॅसचं सिलिंडर सरकवताना ओरडून जागीच बसलेला माणूस बघवत नाही. पण दुखण्याची तीव्रता आणि आजाराचं गांभीर्य यांचं गणित पाठीच्या बाबतीत जुळत नाही. असा माणूस बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत कामाला लागतो. ज्याचं दुखणं बेताचं आहे, पण मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

ॲडमिट कुणाला करावं? उठून संडासापर्यंतही जाता येत नसेल, गोळ्या उलटून पडत असतील, घरी एकटं वयस्क माणूस असेल, तर एक-दोन दिवस ठेवणं योग्य. भरती करण्याचं दुसरं आणि खरं कारण म्हणजे दुखण्यामागे काही धोक्याचं तर नाही ना, हे तपासणं.

म्हणून वॉर्डात सिस्टर पुन्हा पुन्हा विचारतात, ‘लघवी झाली का?’ या प्रश्नाचं उत्तर संकोच न करता द्या. सासूबाई सुनेसमोर बोलत नाहीत, वडील मुलीसमोर ‘झाली, झाली’ म्हणून मोकळे होतात. मोठी गादी सरकून मणक्याच्या खालच्या टोकाकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा दबला, तर लघवी तुंबते. मूत्राशय भरलेलं असूनही दुखत नाही, कारण जाणीवच गेलेली असते. मग थेंब थेंब गळू लागतं आणि घरच्यांना वाटतं, होते आहे की लघवी! शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श कळत नाही, दोन्ही पायांत जोर राहत नाही, पायाचा अंगठा वर उचलता येत नाही. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी एमआरआय हवा, आणि निदान पक्कं झालं तर तातडीने, शक्यतो 48 तासांच्या आतच, शस्त्रक्रिया हवी. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मुरैना, भिंड, दतियाकडच्या वाचकांनी अशा वेळी गावातल्या लहान नर्सिंग होममध्ये सलाइन लावून रात्र काढू नये. जिथे एमआरआय आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथेच थेट यावं. ग्वाल्हेरात जयारोग्य आहे, 1946 मध्ये स्थापन झालेल्या गजराराजा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय.

पाठदुखीसोबत ताप, भूक मंदावणं, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या टीबीचा विचार आधी करावा लागतो. साखरेच्या रुग्णांत मणक्यात पू झालेला असू शकतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलं असेल किंवा साठीनंतर साधंसं पडणं झालं असेल, तर तेही आपणहून सांगा. आणि एक बारीक खूण, जी घरच्यांनाही ओळखता येते. मुतखड्याचा रुग्ण तळमळतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, एका जागी ठरत नाही. उसण भरलेला माणूस हलायलाच घाबरतो.

यातलं काहीच नसेल तर एमआरआयसाठी हट्ट धरू नका. रिपोर्ट हातात आला की लोक हादरतात, ‘गॅप आली’, ‘नस दबली’ म्हणून घाबरून जातात. पाठदुखीची तक्रार नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के निरोगी लोकांत गादीची झीज दिसली होती. म्हणजे रिपोर्टात झीज आहे, यावरून तुमचं दुखणं तिच्यामुळेच आहे असं ठरत नाही. ते ठरतं तपासणीवरून.

आता औषधं. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने बरं वाटतं, म्हणून लोक मेडिकलवरून रोज टोचून घेतात. ज्यांना रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या किडनीवर या वेदनाशामकांचा एकत्रित मारा बसतो. ॲडमिट होताना चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी आपल्याकडे थायोकोल्चिकोसाइड फार लिहिलं जातं. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये त्याच्या गोळ्यांना सात दिवसांची आणि इंजेक्शनला पाच दिवसांची मर्यादा घातली, आणि गरोदर स्त्रियांना ते देऊ नये असं सांगितलं. टिझॅनिडिनने गुंगी येते, रक्तदाब उतरतो. रात्री लघवीला उठणाऱ्या आजोबांना सोबत हवीच, नाहीतर पाठ बरी व्हायची आणि खुबा मोडायचा. ट्रॅमाडॉलने शौचाला कडक होतं, कुंथल्यावर पुन्हा कळ येते. पाणी, फळं, गरज पडली तर रेचक, आणि काही दिवस उकिडवं बसण्याऐवजी कमोडची खुर्ची, एवढं पथ्य पाळा.

आता विश्रांती. ग्वाल्हेरात शिंदे की छावनीत जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी आणीबाणीत बंगळूरला कैदेत असताना आजारी पडले. त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये आणलं गेलं आणि तिथे त्यांच्या पाठीच्या दुखण्यावर उपचार झाले. त्या काळात पाठदुखी म्हणजे आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती, हा जगभरचा शिरस्ता होता. 1986 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती तपासून पाहिली. सात दिवस पडून राहणाऱ्यांना काहीही जास्त मिळालं नाही, कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. 1995 मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात तर झेपेल तेवढी रोजची कामं करत राहणारेच लवकर बरे झाले. हे कळून इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे पायाला वजन बांधून आठवडाभर निजवणं चालूच आहे. त्या वजनाने उसण लवकर सुटते असा पुरावा नाही. कमरेचा पट्टा उठताना आधार म्हणून चालेल, पण दिवसभर बांधून ठेवू नका.

म्हणून दुखणं थोडं आवाक्यात आलं की त्याच दिवशी उठायचं. पाठीवर झोपून सरळ उठून बसू नका. दोन्ही गुडघे वाकवा. खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडता सोडता खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादीला रेटा द्या, म्हणजे धड आपोआप वर येतं. श्वास रोखू नका. मिनिटभर कडेला बसा, चक्कर येत नाही ना पाहा, मग उभे राहा. नातेवाइकांनी बगलेत हात घालून ओढू नये. सगळ्यात मोठी कळ तिथेच येते. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत, दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या टोकापर्यंत. थोडं दुखेल, पण त्याने मणका बिघडत नाही.

पायाळू माणसाबद्दल एवढंच, की मणका टीबीने पोखरलेला असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर त्या झटक्याने मणका मोडू शकतो. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला हरकत नाही.

घरी सोडताना कागदावर वेदनाशामक किती दिवस घ्यायचं ते लिहून घ्या आणि चालणं रोज वाढवा. पोट आणि पाठीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका, मोबाइलवर पाहून नको. बसून काम असेल तर दुखणं पूर्ण जाण्याआधीही कामावर जाता येतं, मात्र अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. ओझ्याचं काम असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सुरू करावं. सहा आठवड्यांनंतरही पायात कळ उतरत असेल, तर जुन्या फिल्म आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन पुन्हा दाखवायला या. लघवीची किंवा बधिरपणाची तक्रार असेल, तर सहा तासही थांबू नका.