हिशेबाची फाइल आणि तिचे आडनाव

बंगळूर येथील उद्योजक श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबास सोयीची संगणक-प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली ती स्वतःच तयार केली. हीच आजची ‘टॅली’. आपले असंख्य व्यापारी ग्राहक ती रोज वापरतात; परंतु नोंदविलेला हिशेब संगणकात नेमका कोठे व कोणत्या रूपात राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन. ते फाइलचे आडनावच म्हणावे. ते पाहून विंडोज संबंधित प्रोग्रॅम उघडते. पण आडनाव बदलून माणूस बदलत नाही! टॅली ईआरपी ९ च्या फाइलींचे एक्स्टेन्शन ‘.९००’ असते, ते पुसून ‘.एक्सएलएस’ लिहिल्यास चित्र एक्सेलचे दिसेल, हिशेब मात्र उघडणार नाही.

शिवाय एका कंपनीचा हिशेब एका फाइलीत नसतोच. १०००० यासारखा पाच आकडी क्रमांक असलेल्या फोल्डरमध्ये खाती एका फाइलीत, तर व्यवहार दुसऱ्या फाइलीत असतात. सर्वांत मोठी फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेणे म्हणजे रोजकीर्द उचलून खतावणी दुकानातच ठेवण्यासारखे आहे. टॅली बंद करून संपूर्ण फोल्डर घ्यावे किंवा प्रणालीतील बॅकअपची सोय वापरावी. ईआरपी ९ चा बॅकअप ‘टीबीके९००.००१’ या नावाने तयार होतो व तो ‘रिस्टोर’नेच उघडतो. रिस्टोर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करावे. अन्यथा एप्रिलचा बॅकअप सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी पुसून त्यांच्या जागी बसतो, आणि ही हानी सहसा भरून येत नाही.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना मागील किमान ८ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके जपावी लागतात. नव्या आवृत्तीत नेलेला हिशेब जुनीत परत उघडत नाही. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वीचा बॅकअप निराळा ठेवावा.

कॅश क्रेडिट खातेदारांनी मालसाठ्याचे विवरण शाखेकडे पाठविताना ते टॅलीतून पीडीएफ अथवा एक्सेलमध्ये काढावे. शाखेतील सहकाऱ्यांनीही आलेल्या फाइलीचे पूर्ण नाव पाहावे. विंडोज परिचित एक्स्टेन्शन लपविते, त्यामुळे ‘स्टॉक.पीडीएफ.ईएक्सई’ हा प्रोग्रॅम नुसता ‘स्टॉक.पीडीएफ’ दिसतो. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ हा विषाणू अशाच दुहेरी आडनावाने जगभर पसरला होता. फोल्डरच्या ‘व्ह्यू’ पर्यायांत एक्स्टेन्शन दाखविण्याची सोय आहे, ती चालू करण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.